धीर आणि प्रत्यय : वर्धा शिक्षणयोजनेतील गणिताची चिकित्सा

गणितात मागे पडलेल्या विद्यार्थ्याविषयी मराठी घरांत आणि शाळांत दोन वाक्ये नेहमी कानी पडतात. पहिले स्वतः विद्यार्थ्याचे असते : ‘मला गणित येत नाही.’ दुसरे वडीलधाऱ्यांचे किंवा शिक्षकांचे असते : ‘घाबरू नकोस, येईल तुला.’ इतिहास येत नाही असे म्हणणारा मुलगा बहुधा सनावळी पाठ नसल्याचे सांगत असतो. गणित येत नाही असे म्हणणारा मुलगा मात्र आपल्या बुद्धीविषयीच निकाल देत असतो. हा निकाल एकदा मनात ठरला की पुढचे प्रत्येक चुकलेले उदाहरण त्याच्या बाजूने साक्ष देऊ लागते. म्हणून गणितात कच्च्या राहिलेल्या विद्यार्थ्याला आधार देऊन शिकविणे हा केवळ अध्यापनतंत्राचा प्रश्न राहत नाही. विद्यार्थ्याचे स्वतःविषयीचे मत कशाने बदलते, हा त्यामागील मूळ प्रश्न होय.

मराठीत या संदर्भात दोन शब्द उपलब्ध आहेत आणि त्यांतील भेद उपयोगी आहे. धीर दिला जातो. प्रत्यय यावा लागतो. धीर दुसऱ्याकडून मिळतो व दुसऱ्याच्या उपस्थितीपुरता टिकतो. प्रत्यय ज्याचा त्यालाच येतो, आणि एकदा आला की तो सहसा परत जात नाही. गणिताच्या कोणत्याही शिक्षणपद्धतीची परीक्षा करताना ती विद्यार्थ्याला यांपैकी काय देते, हे पाहणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात ही कसोटी वर्धा शिक्षणयोजनेला, म्हणजे पुढे ‘नयी तालीम’ या नावाने ओळखल्या गेलेल्या प्रयोगाला, लावून पाहावयाची आहे. या योजनेविषयी आजवर जे लिहिले गेले त्यात तिचे तत्त्वज्ञान, तिचे अर्थकारण व तिचे राजकारण यांचा ऊहापोह पुष्कळ झाला; तिच्यातील गणिताकडे त्या मानाने लक्ष कमी गेले. वास्तविक योजनेच्या गुणदोषांची सर्वांत चोख तपासणी गणितातच होऊ शकते, कारण उत्तर बरोबर की चूक हे तेथे झाकून राहत नाही.

१

योजनेचा इतिहास परिचित आहे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली वर्धा येथे शिक्षणपरिषद भरली. तिने नेमलेल्या डॉ. झाकिर हुसेन समितीने त्याच वर्षीच्या डिसेंबरात अहवाल सादर केला. १९३८ साली हरिपुरा काँग्रेसने योजनेला मान्यता दिली, हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला, आणि ई. डब्ल्यू. आर्यनायकम् व आशादेवी आर्यनायकम् यांच्या देखरेखीखाली सेवाग्रामला, तेव्हाच्या शेगावला, प्रत्यक्ष कार्य सुरू झाले. १९४५ सालच्या सेवाग्राम परिषदेने या कल्पनेचा विस्तार बालवाडीपासून प्रौढशिक्षणापर्यंत केला.

समितीने सुचविलेले दिवसाचे वेळापत्रक गणिताच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. साडेपाच तासांच्या शाळेत मूलोद्योगाला ३ तास २० मिनिटे होती. मातृभाषेला ४० मिनिटे. समाजशास्त्र व सामान्य विज्ञान यांना मिळून ३० मिनिटे. आणि संगीत, चित्रकला व अंकगणित या तिहींना मिळून ४० मिनिटे. नुसते हे आकडे पाहणाऱ्यास असे वाटेल की योजनाकारांनी गणिताची उपेक्षा केली. परंतु त्यांचा हिशेब निराळा होता. मूलोद्योगाचे ३ तास २० मिनिटे हेच गणिताचे खरे तास आहेत, अशी त्यांची धारणा होती. उद्योग, घर आणि गाव यांच्या व्यवहारात उद्भवणारी संख्येची व भूमितीची उदाहरणे मुलाला झपाट्याने सोडविता यावीत, हे गणिताचे उद्दिष्ट त्यांनी मानले. आणि चार मूलक्रिया, अपूर्णांक, त्रैराशिक, व्याज, क्षेत्रमापन, व्यावहारिक भूमिती व जमाखर्च एवढा विस्तार अभ्यासक्रमात ठेवला. उद्योगाशी ज्ञानाची ही जी सांगड, तिला विनोबांनी ‘समवाय’ हा शब्द रूढ केला. न्यायशास्त्रात समवाय म्हणजे तंतू व पट यांच्यासारखा अविभाज्य संबंध. शब्दाची निवड अर्थपूर्ण आहे, पण ती योजनेवर मोठी जबाबदारी टाकणारीही आहे. उद्योगाला गणिताचे ठिगळ लावून समवाय होत नाही. उद्योगाच्या पोटातच गणित असावे लागते.

२

ते तसे होते काय? सूतकताईच्या बाबतीत याचे उत्तर होकारार्थी द्यावे लागते, आणि ते तपशिलानेच देता येते. चार फूट सुताचा एक तार; १६० तारांची एक लटी; चार लटींची, म्हणजे ६४० तारांची, एक गुंडी. एखाद्या नवशिक्या मुलाने टकळीवर रोज ४० तार काढले असे धरले, तर चार दिवसांत लटी व सोळा दिवसांत गुंडी पुरी होते. येथवर पाढ्यांचे काम आहे. पुढे सुताचा अंक येतो. एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतील तितका सुताचा अंक, ही इंग्रजी गिरण्यांची रीत. खादीच्या गुंडीत २,५६० फूट म्हणजे ८५३ पूर्णांक एक-तृतीयांश वार भरतात. तेव्हा गुंडी व इंग्रजी लड यांचे प्रमाण ६४ : ६३ असे निघते. अपूर्णांक संक्षिप्त करण्याचे याहून सुबक उदाहरण पाठ्यपुस्तकात शोधूनही क्वचितच सापडेल.

त्यानंतरची पायरी अधिक महत्त्वाची आहे. १२ अंकाचे सूत जाड आणि १६ अंकाचे बारीक, म्हणजे अंक वाढला की सूत हलके होते, हे मुलाला प्रथम उलटे वाटते. त्या काळी वजन तोळ्यांत होई; सोयीसाठी ग्रॅम घेतले तर १२ अंकी सुताची गुंडी सुमारे ३८.४ ग्रॅम भरते आणि १६ अंकी गुंडी सुमारे २८.८ ग्रॅम. दोन्ही ठिकाणी अंक आणि वजन यांचा गुणाकार ४६०.८ हाच येतो. व्यस्त प्रमाणाचा नियम येथे तराजूत दिसतो. तसेच कातण्यापूर्वी पेळू ३२ ग्रॅम होते आणि सूत २८.८ ग्रॅम निघाले, तर ३.२ ग्रॅम घट म्हणजे एक-दशांश घट. शेकडेवारीची सुरुवात अशी कचऱ्याच्या वजनापासून होते. ज्या जिल्ह्यात कपाशीचे पीक घरोघरी परिचयाचे आहे आणि हिंगणघाटसारखी कापसाची जुनी पेठ आहे, तेथे वजन, घट व भाव हे शब्द मुलाला शाळेत येण्यापूर्वीच ठाऊक असतात. मुलाच्या जवळ असलेल्या ज्ञानापासून आरंभ करणे हा आधार देणाऱ्या शिक्षणाचा पहिला नियम आहे, आणि तो येथे आपोआप पाळला जातो.

परंतु आत्मविश्वासाच्या दृष्टीने या गणिताचा विशेष केवळ परिचितपणात नाही. मुलाने मांडलेल्या हिशेबाची पडताळणी त्याच्या हातातच असते, हा तो विशेष होय. १६ अंकी गुंडी २८.८ ग्रॅम भरेल असे पाटीवर काढले आणि तराजूने ३१ ग्रॅम दाखविले, तर तीनच शक्यता राहतात : हिशेब चुकला, मोजणी चुकली, किंवा सूत जाड झाले. यांपैकी कोणती खरी, हे मूल शिक्षकाकडे न पाहता शोधू शकते. चूक येथे नालायकीची खूण होत नाही. ती शोधण्याची वस्तू होते. ‘बरोबर’ अशी लाल शाईची खूण मिळविण्यासाठी वही घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या मुलाचे यश दुसऱ्याच्या हाती असते. तराजूपाशी उभ्या असलेल्या मुलाचे यश त्याच्या स्वतःच्या हाती असते. धीर आणि प्रत्यय यांतील भेद तो हाच.

मानसशास्त्राने हा भेद पुढे वेगळ्या परिभाषेत मांडला. आल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ साली ‘स्वक्षमतेच्या जाणिवे’चे चार उगम सांगितले : स्वतः पार पाडलेल्या कृतीचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याने केलेले पाहणे, इतरांनी दिलेले उत्तेजन, आणि शरीर-मनाची त्या वेळची अवस्था. यांतील पहिला उगम सर्वांत बलवान, असे त्यांचे प्रतिपादन आहे. उत्तेजनाचे शब्द निरुपयोगी नसतात. पण अनुभवाने त्यांना दुजोरा दिला नाही तर ते लवकर विरतात. सेवाग्रामच्या टकळीने हा पहिला उगम दिवसातून अनेकदा उपलब्ध करून दिला, आणि एकत्र कातण्याच्या पद्धतीमुळे दुसराही.

३

येथे जुन्या मराठी परंपरेशी तुलना करणे उचित ठरेल. पंतोजीच्या शाळेत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी पाठ करून घेत. अपूर्णांकांचा तोंडी हिशेब करण्याचे हे साधन खरोखर समर्थ होते. दुकानदार, सावकार आणि कुळकर्णी यांचे व्यवहार त्यावर चालले. मात्र त्या शाळेतील आधार होता तो छडीचा. ज्याच्या तोंडी पाढे बसले तो निर्भय झाला. ज्याच्या बसले नाहीत त्याला दुसरा मार्ग नव्हता. गणित येणारे आणि न येणारे अशी कायमची विभागणी तेथेच होऊन जाई.

याच्या उलट टोकाला भास्कराचार्यांची ‘लीलावती’ आहे. ११५० साली, म्हणजे शके १०७२ मध्ये, रचलेल्या या ग्रंथात उदाहरणे घातली आहेत ती बोलावून, संबोधून. कधी बाला म्हणून, कधी हरिणाक्षी म्हणून, कधी मित्र म्हणून वाचकाला हाक मारली जाते, आणि ‘जर तुला हे अवगत असेल तर सांग’ अशा सुराने प्रश्न विचारला जातो. लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या, ही हकीकत फैजीच्या १५८७ मधील फारसी भाषांतरातून पसरली; ती खरी असो वा नसो, ग्रंथातील संबोधनांचा सूर ग्रंथातच आहे. विद्यार्थ्याची बुद्धी गृहीत धरून तिला आव्हान द्यावयाचे, ही त्यामागची शिक्षकवृत्ती होय. दया आणि दरारा या दोहोंपासून ती सारखीच दूर आहे. वर्धा योजनेने मुलाला तराजू दिला, पण या सुराची तरतूद योजनेच्या कागदावर करता येण्यासारखी नव्हती. तो सूर ज्याच्या त्याच्या शिक्षकावर अवलंबून राहिला, आणि योजनेच्या यशापयशाचा पुष्कळसा उलगडा यात आहे.

४

आता दुसरी बाजू. वर्धा योजनेतील गणितावर तीन आक्षेप संभवतात आणि तिन्ही गंभीर आहेत.

पहिला आक्षेप आर्थिक दडपणाचा. मुलांच्या उत्पादनातून शाळेचा, निदान शिक्षकाच्या वेतनाचा, खर्च निघावा, हा स्वावलंबनाचा आग्रह योजनेत आरंभी होता. १९३७ च्या परिषदेतच प्रा. के. टी. शहा यांनी या अंगाला विरोध केला होता. त्यांचा विरोध अर्थशास्त्रीय होता. परंतु त्याचे शैक्षणिक फलितही तितकेच महत्त्वाचे आहे. सूत विकून वेतन निघावयाचे असेल, तर जाड झालेले सूत हे हिशेबाचे उदाहरण राहत नाही, तो तोटा होतो. चुकण्याची मोकळीक जेथे किमतीला पडते, तेथे चूक शोधण्याचा आनंद टिकत नाही. तराजू जो मुलाचा साक्षीदार होता, तो मुकादम होण्याचा धोका या आग्रहात होता. योजनेच्या पुरस्कर्त्यांनी पुढे स्वावलंबनाचा अर्थ व्यापक केला, हे खरे. पण मूळ विसंगती त्यामुळे नाहीशी होत नाही.

दुसरा आक्षेप मर्यादेचा. सूत, शेती व स्वयंपाक यांतून अपूर्णांक, प्रमाण, शेकडेवारी व क्षेत्रमापन येतात. परंतु ऋणसंख्यांचा गुणाकार, बीजगणितातील नित्यसमानता, अविभाज्य संख्यांचे अनंतत्व किंवा भूमितीतील सिद्धता ही टकळीतून ओढून काढता येत नाहीत. तशी ओढाताण केली म्हणजे समवायाची थट्टा होते. आश्चर्य असे की, ही मर्यादा दाखविण्यास सर्वांत योग्य उदाहरण खुद्द विनोबांचेच आहे. ८ एप्रिल १९२१ रोजी वर्ध्यास आलेल्या, नालवाडीला कताईच्या मजुरीवर निर्वाहाचा प्रयोग करणाऱ्या आणि १९३८ पासून धाम नदीकाठी पवनारला राहिलेल्या या पुरुषाला गणिताची ओढ विलक्षण होती. ती ओढ सूतकताईतून उपजलेली नव्हती. ती विद्यार्थिदशेपासूनची, शुद्ध गणिताची होती. उलट त्या गणिती वृत्तीनेच त्यांनी कताईचा वेग, वेळ व मजुरी यांचे काटेकोर मापन केले. म्हणजे त्यांच्यापुरते तरी उद्योगातून गणित आले नाही, गणितातून उद्योगाला शिस्त आली. समवायाचा मार्ग दोन्ही दिशांनी चालतो, हे योजनेच्या भाष्यकारांनी पुरेसे लक्षात घेतले नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत मूलगामी आहे. व्यवहारातले गणित कागदावरच्या गणितात आपोआप उतरते काय? ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ-फळे विकणाऱ्या मुलांचा कॅराहर व श्लीमन यांनी केलेला अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. गिऱ्हाइकापुढे शेकडा अठ्ठ्याण्णव उत्तरे बरोबर देणाऱ्या त्याच मुलांची तीच आकडेमोड कागदावर मांडून विचारल्यावर शेकडा सदतीसच्या आसपास उत्तरे बरोबर आली. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांचे सहकारी यांचा कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांविषयीचा अभ्यास २०२५ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला, त्याचाही निष्कर्ष याच दिशेचा आहे; शिवाय शाळेतील मुले कागदावरचे सोडवितात पण बाजारातल्या हिशेबात अडतात, ही उलट बाजूही त्यात दिसून आली. याचा अर्थ असा की, टकळीवर निर्भय झालेला मुलगा फळ्यापुढे पुन्हा भित्रा होऊ शकतो. आत्मप्रत्यय हा ज्या क्षेत्रात आला त्या क्षेत्रापुरता असतो. त्याला एका क्षेत्रातून दुसऱ्यात नेणारा पूल लागतो, आणि तो पूल मुद्दाम बांधावा लागतो.

५

हा पूल म्हणजेच शिक्षक, आणि येथे आधार देऊन शिकविण्याच्या कल्पनेचा नेमका अर्थ लागतो. गुंडीचे वजन करून झाल्यावर ‘आता तराजूशिवाय सांग, २० अंकी गुंडी किती भरेल?’ असे विचारणे ही पहिली पायरी. ४६०.८ ला २० ने भागून २३.०४ हे उत्तर मुलाने काढले, की ‘अंक कोणताही असला तर?’ ही दुसरी पायरी. आणि अंकाच्या जागी अक्षर मांडणे ही तिसरी. बीजगणित टकळीत नाही, पण टकळीपासून तीन पायऱ्यांवर आहे. या पायऱ्या किती उंच ठेवावयाच्या, हे त्या त्या मुलाकडे पाहून ठरवावे लागते. जॉर्ज पोल्या यांनी १९४५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात शिक्षकाची मदत फारही नसावी व फार थोडीही नसावी, विद्यार्थ्याच्या वाट्याला कामाचा रास्त हिस्सा यावा, असा विचार मांडला, तो याच प्रकारचा आहे. फार मदत झाली की उत्तर शिक्षकाचे होते. थोडी झाली की अपयश मुलाचे होते.

एकेका विद्यार्थ्याला स्वतंत्रपणे शिकविल्याने किती फरक पडतो, याविषयी बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ साली मोठा दावा केला : वर्गातील सामान्य विद्यार्थ्यापेक्षा असा विद्यार्थी दोन प्रमाण-विचलनांनी पुढे जातो. कर्ट व्हॅनलेन यांच्या २०११ मधील पुनरावलोकनात हा फरक ०.७९ इतका, म्हणजे निम्म्याहूनही कमी, दिसला. तोही क्षुल्लक नाही. परंतु जवळ बसून शिकविणारा मिळाला म्हणजे काम झाले असे समजणाऱ्यांनी हा उतार ध्यानात घ्यावा. खाजगी शिकवणीला जाणाऱ्या कितीतरी मुलांना उत्तरे मिळतात, प्रत्यय मिळत नाही.

मुलाची अडचण कोठे आहे हे पाहण्यात भाषेचाही विचार येतो. मराठीत २१ लिहिताना आधी दोन येतात, उच्चारताना आधी एक. ‘एकोणतीस’मध्ये तर दोन वा नऊ यांचा मागमूसही नाही, तिसाला एक उणा एवढेच. २०१९ साली बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशा वाचनाची सोय करण्यात आली, तेव्हा मोठा गदारोळ उठला आणि विधिमंडळातही त्याचे पडसाद उमटले. गणित विषय समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांची भूमिका साधी होती : अडखळणाऱ्या मुलाला जुन्या वाचनाबरोबर हाही मार्ग असावा. टीकाकारांचे भाषाप्रेम खोटे नव्हते, संख्यानामांची परंपरा जपण्यासारखीच आहे. परंतु त्या वादात बोलणारे बहुतेक सर्व ते होते ज्यांना ‘एकोणतीस’ एकेकाळी जमले. ज्यांना जमले नाही आणि ज्यांनी तेव्हाच पाटी खाली ठेवली, त्यांचा आवाज वादात नव्हता. पंतोजीच्या शाळेतली विभागणी अशी शतकभरानंतरही बोलून दाखवते.

६

हिंदुस्थानी तालीमी संघ १९५९ साली सर्व सेवा संघात विलीन झाला आणि पुढे मूलोद्योगी शाळांची परंपरा क्षीण होत गेली. सेवाग्रामच्या आवारात २००५ साली ‘आनंद निकेतन’ ही मराठी माध्यमाची शाळा नव्याने उभी राहिली; शेती, बाग, स्वयंपाक व सूत यांच्या आधारे शिकविण्याचा प्रयत्न तेथे होत आहे. स्वावलंबी खर्चाचे ओझे आता मुलांच्या कामावर नसल्याने पहिल्या आक्षेपाचे मूळ तेथे उरत नाही. दुसरीकडे, तिसरी इयत्ता संपेपर्यंत प्रत्येक मुलास पायाभूत वाचन व अंकज्ञान यावे, असे ध्येय २०२१ च्या ‘निपुण भारत’ कार्यक्रमाने ठेवले. ध्येय योग्य आहे. पण त्याची मोजणी केवळ कितींना वजाबाकी आली एवढ्यावर थांबली, तर उत्तर बरोबर आहे हे मुलाने स्वतः कशावरून ओळखले, हा प्रश्न पुन्हा बाजूला पडेल.

वर्धा योजनेच्या गणिताविषयी अंतिम निर्णय असा द्यावा लागतो. उद्योगातून सर्व गणित निघेल, ही तिची अपेक्षा पुरी होण्यासारखी नव्हती. उद्योगातून शाळेचा खर्च निघेल, ही अपेक्षा गणिताला बाधकच होती. परंतु मुलाच्या हातात स्वतःचे उत्तर तपासण्याचे साधन द्यावे, हा जो तिचा न बोललेला विचार, तो टकळी गेली तरी जाण्याचे कारण नाही. दोरी, मापपट्टी, तराजू, आलेख, उलट क्रियेने ताळा पाहण्याची सवय, ही सर्व त्याच जातीची साधने आहेत. महाराष्ट्रातील अध्यापक-विद्यालयांनी समवायाच्या नावाने टकळीची पाठराखण करण्यापेक्षा या एका तत्त्वाचा पाठपुरावा केला, तर वर्ध्याच्या प्रयोगाचे ऋण अधिक योग्य रीतीने फिटेल. ‘मला गणित येत नाही’ असे म्हणणाऱ्या मुलाला ‘येईल तुला’ असे सांगणे हे सौजन्य आहे. ‘आलेले उत्तर बरोबर आहे की नाही, ते तूच पाहून सांग’ असे म्हणता येईल इतकी तयारी त्याच्याकडून करून घेणे हे शिक्षण होय.